पोरगं आळशी झालंय की आतून खचलंय, हे ओळखायचं कसं

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत माझी अभ्यासिका आहे, चाळीस खुर्च्या आणि दोन एसी, त्यातला एक नेमका एप्रिलमध्ये बंद पडतो. नीट, सीईटी, एमपीएससी, सीए करणारी पोरंपोरी सकाळी सातला येतात ते रात्री दहाला जातात, म्हणजे आईबापापेक्षा जास्त वेळ ती माझ्या नजरेसमोर असतात. आणि इतक्या वर्षांत एवढं कळलंय की ज्याला खरंच डिप्रेशन आलेलं असतं तो बऱ्याचदा रडत वगैरे नसतो. तो चिडतो, नाहीतर झोपून राहतो, नाहीतर "काही नाही ओ, बोअर होतंय" म्हणतो, आणि घरी त्याचं नाव पडतं आळशी.

सतरा नंबरच्या खुर्चीवर एक पोरगा बसायचा. (त्याला विचारूनच लिहितोय, थोडं इकडचं तिकडे केलंय.) निफाडकडचा, घरची द्राक्षबाग, नीटचा दुसरा अटेम्प्ट. पहिल्या वर्षी हाच पोरगा संध्याकाळी ढोल पथकाच्या सरावाला पळायचा, हाताला पट्ट्या बांधून यायचा आणि टेबलावर बोटांनी ताल धरायचा म्हणून बाकीचे माझ्याकडे तक्रार घेऊन यायचे. दुसऱ्या वर्षी टेबल शांत. मला वाटलं, चला सुधारला, अभ्यासाला लागला. मग एक दिवस लक्षात आलं की फिजिक्सचं पुस्तक चार दिवस त्याच पानावर उघडं आहे, पेन्सिल मध्ये ठेवलेली, आणि मेसचा डबा न उघडता परत जातोय. मी जाता जाता म्हणालो, "काय रे, पान उलटायला माणूस लावू का?" तो हसला. तो हसला म्हणून मी निघून गेलो, आणि ही माझी चूक अजून मला टोचते, कारण त्यानंतर सहा आठवड्यांनी त्याने जिन्यात गाठून सांगितलं, "सर, मला वाचलेलं कळतच नाहीये, तीच ओळ परत परत वाचतोय, मी ढ झालोय बहुतेक."

तर बघायचं काय? बदल बघायचा. उदास चेहरा शोधत बसू नका. पोरगं आधी कसं होतं आणि आता कसं आहे एवढं ताडून बघा, आणि आधीचं तुमच्याइतकं दुसऱ्या कोणालाच माहीत नसतं. रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) पहिली उडी मारणारा यंदा "डोकं दुखतंय" म्हणून गच्चीवर पण आला नाही, मैत्रिणींशिवाय कॉलेज रोडला पाऊल न टाकणारी पोरगी ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडली, आंघोळीला दिवसाआड जायला लागलं, केस विंचरणं बंद झालं, दर सोमवारी सकाळी पोट दुखायला लागलं आणि सोनोग्राफी नॉर्मल आली. पोटदुखी, डोकेदुखी, अंगदुखी हे तर वयात येणाऱ्या पोरांमध्ये फार दिसतं, आणि ते नाटक नसतं, दुखत खरंच असतं.

डॉक्टर लोक साधारण नऊ गोष्टी बघतात. दिवसभर मन उदास असणं, आणि लहान वयात उदासीऐवजी नुसती चिडचिड पण धरतात, हे लक्षात ठेवा. दुसरी, आधी आवडायचं त्यातला रस जाणं. मग झोप कमी किंवा फार जास्त, भूक आणि वजनात फरक, काही न करता थकवा, हालचाल एकदम संथ होणं किंवा उगाच अस्वस्थ येरझाऱ्या, लक्ष न लागणं आणि साधा निर्णय न घेता येणं, स्वतःला नालायक समजणं किंवा सगळ्याचा दोष स्वतःवर घेणं, आणि शेवटची म्हणजे मरणाचे विचार. यातल्या पाच गोष्टी, त्यात पहिल्या दोनपैकी एक तरी हवीच, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे, आणि त्यामुळे कॉलेज, दोस्ती, घर यातलं काहीतरी ढेपाळायला लागलंय, तर त्याला डिप्रेशन म्हणतात. पण पाच होईपर्यंत मोजत बसायचं नाही हां, तीनच आहेत आणि पोरगं ओळखू येईना झालंय तरी दाखवायचं. आणि नववी गोष्ट एकटी असली तरी थांबायचं नाही.

आता याउलट साधा मूड ऑफ. रिझल्ट लागला, ब्रेकअप झालं, मॅचमध्ये आउट झाला, दोन-चार दिवस तोंड पाडून बसला, मग मित्र आला, ओढून मिसळ खायला घेऊन गेला आणि येताना गाणं म्हणत आला. हे सगळ्यांचं होतं आणि होऊ द्यावं, त्याला लगेच आजाराचं नाव देऊ नका. फक्त एक गडबड आहे. काही पोरं डिप्रेशनमध्ये पण मित्रांत तासभर छान हसतात, रील टाकतात, आणि घरी येऊन दार लावून घेतात. "बाहेर तर मस्त असतो, घरीच याला रोग होतो" हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकतो. बाहेर तो ताकद लावून हसतो आणि घरी येईपर्यंत ती संपते, असं मला त्याच पोराने सांगितलंय.

आणि "आमच्यात असलं कोणाला नाही" हे म्हणणाऱ्यांसाठी, २०१५-१६ ला निमहान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, जो राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्व्हे केला त्यात १३ ते १७ वयाच्या पोरांमध्ये कुठल्या ना कुठल्या मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं होतं. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात साधारण चार. आणि वयात आल्यानंतर डिप्रेशनचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या जवळजवळ दुप्पट होतं, पण मुलांचं राग, गाडी सुसाट पळवणं, दारू-गांजा यात लपतं म्हणून ते दिसत नाही.

कारण एकच असं नसतं. घराण्यात कोणाला असेल तर शक्यता वाढते, कोणी गेलेलं असतं, वर्गात कोणीतरी छळत असतं, घरात कर्जाची कुजबुज चालू असते आणि पोराला सगळं ऐकू येत असतं, वर मार्कांचं ओझं. कधी कधी तर दिसण्यासारखं काहीच कारण नसतं. त्यामुळे "तुला कमी काय आहे? सगळं तर देतोय" हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचं उत्तर पोराकडे नसतं आणि उत्तर नाही म्हणून तो आणखी शरमतो.

बोलायचं कसं

समोरासमोर बसवून बोलू नका. हॉलमध्ये टीव्ही बंद करून आई एका बाजूला बाप दुसऱ्या बाजूला, मध्ये पोरगं, ही कोर्टाची बैठक झाली. शेजारी शेजारी असताना बोला. गाडीवर मागे बसलेला असताना, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकला चालताना, शेंगा सोलताना. नजरेला नजर नसली की पोरं बोलतात. आणि जे दिसलं तेवढंच सांगा, निकाल सांगू नका. "तू बदललायस" म्हणण्यापेक्षा "दोन आठवडे झाले तू रात्री जेवत नाहीस आणि सरावाला पण गेला नाहीस, मला काळजी वाटतेय, काय चाललंय?" एवढं बोलून गप्प बसा. खरंच गप्प. मराठी आईबापाला हे सगळ्यात अवघड जातं, आपल्याला तीन सेकंद शांतता सहन होत नाही, लगेच आपण "आमच्या वेळी" सुरू करतो. तो "काही नाही" म्हणाला तर "बरं, पण मी आहे, उद्या परत विचारेन" म्हणा, आणि उद्या खरंच विचारा.

काय बोलू नये ते तुम्हाला माहितीये, तरी लिहितो. मनाला लावून घेऊ नको, पॉझिटिव्ह राहा, मोबाइल सोड सगळं ठीक होईल, शेजारच्याचा बघ, लोकांना खायला नाही आणि तुला डिप्रेशन. यातल्या मोबाइलवाल्या वाक्याचा मला विशेष राग आहे. त्या पोराला एका क्लासच्या सरांनी हेच ऐकवलं होतं, सगळ्या बॅचसमोर, आणि त्याच्या वडलांनी घरी जाऊन फोन काढून घेतला. रात्री दोनला तो ज्या एका मित्राशी बोलायचा ते पण बंद झालं.

आता अवघड भाग. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारायचं. मला पण वाटायचं की विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं घालू आपण. तसं होत नाही, विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बऱ्याच पोरांना हायसं वाटतं की कोणीतरी शब्द उच्चारला. "एवढा त्रास होतोय तर कधी जगू नये असं वाटतं का रे? जीव द्यायचा विचार येतो का?" एवढंच. हो म्हणाला तर ओरडू नका, रडू नका, शपथा घालू नका, "बरं झालं सांगितलंस" म्हणा. आणि त्या घडीपासून त्याला एकटं सोडायचं नाही. घरातल्या गोळ्या, शेतातली फवारणीची औषधं, जे काही घातक असेल ते कुलपात किंवा थेट घराबाहेर. आपल्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात औषधांचे डबे पडवीत असेच ठेवलेले असतात म्हणून मुद्दाम सांगतोय. असा विचार बऱ्याचदा एका झटक्यात येतो आणि ओसरतो, त्या वेळात हाताशी काही नसणं याने खरोखर जीव वाचतात. त्याने काही ठरवून ठेवलंय, कसं-कधी सांगतोय, आवडत्या वस्तू वाटायला लागलाय, किंवा स्वतःला इजा केलीये तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा सरळ हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा. पोलीस केसच्या भीतीने घरात लपवू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावात होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची.

कुठे जायचं

रात्री-अपरात्री कोणाशी तरी बोलायचंय तर १४४१६, टेलिमानस. केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पोरगं स्वतः करू शकतं, तुम्ही पण "माझ्या मुलाचं असं असं आहे, काय करू" म्हणून करू शकता. अठराच्या आतल्यांना १०९८ ही चाइल्डलाइन पण आहे.

प्रत्यक्ष दाखवायला त्र्यंबक रोडचं आपलं सिव्हिल आहे, सकाळी ओपीडीत केस पेपर काढायचा आणि मानसोपचार विभाग विचारायचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. गर्दी असते, रांग असते, पाण्याची बाटली घेऊन जा. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन पोरांसाठी मैत्री क्लिनिक असतात, तिथेही सुरुवात करता येते. प्रायव्हेट परवडत असेल तर तेही ठीक. काहीच सुचत नसेल तर तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जा, तो हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ करून घेईल, कारण या गोष्टी बिघडल्या तरी माणूस असाच गळून जातो. मुलींमध्ये हिमोग्लोबिन तर बघाच, आणि मूड पाळीच्या आधीच पडतो का तेही.

सायकॅट्रिस्ट म्हणजे औषध देऊ शकणारा डॉक्टर, आणि सायकॉलॉजिस्ट किंवा काउन्सेलर म्हणजे बोलून उपचार करणारा. सौम्य असेल तर बऱ्याचदा नुसत्या बोलण्याच्या उपचाराने भागतं, मध्यम किंवा जास्त असेल तर दोन्ही लागतात. जाताना एका कागदावर लिहून न्या, कधीपासून, झोप किती, खाणं किती, काय बंद झालं, घराण्यात कोणाला काही होतं का. आणि एक आवर्जून सांगा, मध्येच कधी आठवडाभर खूपच उत्साह, झोप नाही तरी थकवा नाही, भन्नाट बडबड, पैसे उडवणं असं झालं होतं का. तसं असेल तर आजार वेगळा निघू शकतो आणि औषध पण वेगळं लागतं. डॉक्टर पोराशी एकटं बोलायचं म्हणाले तर बाहेर जाऊन बसा, दाराला कान लावू नका.

गोळ्यांबद्दल आमच्याकडे फार गैरसमज. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची नशा होत नाही, सवय लागते म्हणतात तसलं काही नाही, पण मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते, म्हणून कमी करायच्या त्या डॉक्टरच्या सांगण्याने. पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसत नाही, दोन ते चार आठवडे जातात, कधी सहा. त्या सुरुवातीच्या दिवसांत २५ च्या आतल्या काही पोरांमध्ये अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून तेव्हा जास्त लक्ष ठेवायचं आणि तसं दिसलं तर लगेच डॉक्टरला फोन, गोळ्या घाबरून फेकून द्यायच्या नाहीत. बरं वाटल्यावर पण निदान सहा महिने चालू ठेवतात. सतरा नंबरवाल्याच्या वडलांनी दोन महिन्यांनी "आता हसतोय की" म्हणून बंद केल्या होत्या, महिन्याभरात परत जैसे थे.

आणि आपण त्र्यंबकेश्वराच्या दाराशी राहतो, त्यामुळे कोणीतरी नातेवाईक पूजा सुचवणारच. करा की, मनाला आधार वाटत असेल तर जरूर करा, माझ्या आईने पण केलीये. फक्त पूजेच्या तारखेसाठी डॉक्टरची तारीख पुढे ढकलू नका, आणि उतारा-बाधा म्हणून कोणी पोराला मारझोड किंवा उपाशी ठेवायला सांगत असेल तर तिथून उठा.

घरी काय करायचं

"इच्छा झाली की करेन" याची वाट बघितली तर इच्छा होतच नाही, या आजाराचा डावच तो आहे. आधी अगदी छोटं काहीतरी करायचं, इच्छा मागून येते. छोटं म्हणजे किती? त्या पोराचं पहिलं काम होतं, सकाळी उठून खिडकी उघडायची आणि ब्रश करायचा. बस. दुसऱ्या आठवड्यात गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन दूध आणायचं. तिसऱ्या आठवड्यात ते एका दिवशी जमलं नाही तर कोणी काही बोलायचं नाही, हे त्याच्या आईला शिकवायला मला जास्त वेळ लागला. दूध आणलं की "वा, शाब्बास" असा सोहळा पण नको, १९ वर्षांचा पोरगा आहे तो, फक्त चहात ते दूध टाकायचं आणि बरोबर बसून प्यायचं.

झोप सगळ्यात महत्त्वाची. या वयात ८ ते १० तास लागतात आणि शरीराचं घड्याळच उशिरा सरकलेलं असतं, त्यामुळे रात्री नऊला झोप म्हटलं तर ते खोटंच झोपतात. उठायची वेळ पक्की करा, रविवारी पण तीच, आणि उठल्यावर गच्चीत किंवा अंगणात उजेडात बसवा. फोन रात्री चार्जिंगला हॉलमध्ये, पण सगळ्यांचे, बापाचा पण. नुसता पोराचा काढून घेतला तर ती शिक्षा झाली. अभ्यासाचं ओझं क्लासशी बोलून काही दिवस खरंच कमी करा, परीक्षा परत येते, पुरवणी असते, ड्रॉप असतो. दारू, वेप, गांजा हे थोडा वेळ बरं वाटवतात आणि नंतर आणखी खाली नेतात, हे सांगायचं, पण पोलिसी झडती घेऊन नाही.

हे तूच वाचत असशील, म्हणजे आई-वडलांनी पाठवलं नाही आणि रात्री एकटा किंवा एकटी स्क्रोल करतेयस, तर तुझ्यासाठी वेगळं. तू ढ झालेला नाहीस, लक्ष न लागणं हा त्या आजाराचाच भाग आहे, बरं झालं की परत येतं. घरी बोलायची हिंमत होत नसेल तर मावशी, मामा, ताई, एखादे सर, लायब्ररीवाला, कोणीही एक मोठं माणूस निवड आणि एवढंच टाइप कर, "मला बरेच दिवस बरं वाटत नाहीये, माझ्याबरोबर डॉक्टरकडे येशील का?" कारण सांगायची गरज नाही. पहिल्या माणसाने उडवून लावलं तर दुसरं माणूस शोध, तिथेच थांबू नकोस. आणि आत्ता या क्षणी नकोसं वाटत असेल तर हे वाचणं बंद कर, १४४१६ लाव आणि घरात जे कोणी असेल त्याच्या खोलीत जाऊन बस.

बरं होणं सरळ रेषेत नसतं. चार दिवस चांगले, मग एक पूर्ण पडेल, म्हणून घाबरायचं नाही. पण आजार परत यायची शक्यता असते, त्यामुळे बरं असतानाच पोराबरोबर बसून त्याची स्वतःची धोक्याची चिन्हं लिहून घ्या, प्रत्येकाची वेगळी असतात. सतरा नंबरवाल्याची तीन आहेत. डबा परत जाणं, दाढी वाढणं आणि ढोल पथकाचा ग्रुप म्यूट करणं. त्याने नीट सोडलं, आता बीएस्सी अ‍ॅग्री करतोय, आणि तो कागद त्याच्या वडलांनी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.

मागच्या श्रावणात रात्री साडेदहाला वडलांचा मला फोन. "सर, त्याने ग्रुप म्यूट केलाय." आवाज बसलेला. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही त्याला विचारलंत का?" म्हणे, "विचारलं ना, कागदात लिहिलंय तसं विचारलं, शेजारी बसून. तो म्हणतो, पप्पा, दिवसाला दोनशे गुड मॉर्निंग येतात हो त्याच्यावर."